राज्य गेले, मुदपाकखाना राहिला : तंजावरचे दुसरे सरफोजी

तंजावर : एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत तंजावरच्या राजवाड्यात एकाच वेळी तीन मुदपाकखाने चालत असत. एकात ब्राह्मणी पद्धतीचा शाकाहारी स्वयंपाक होई, दुसऱ्यात मराठा घराण्यांतील सामिष पदार्थ शिजत आणि तिसऱ्यात इंग्रजी धर्तीचे जेवण तयार होई. प्रत्येकाची भांडी वेगळी, आचारी वेगळे, चव वेगळी. या तिन्ही ठिकाणच्या पाककृती लिहून काढण्याचे काम राजाने करवून घेतले आणि त्यातून मराठीत एक ग्रंथ सिद्ध झाला. ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हे त्याचे नाव. शरभेंद्र म्हणजे भोसले घराण्यातील तंजावरचे राजे दुसरे सरफोजी. तमिळ प्रांतात त्यांचे नाव शरभोजी असे उच्चारले जाई आणि पंडितांनी त्यालाच संस्कृत वळण दिले होते.

ज्या काळात हा ग्रंथ तयार झाला, त्या काळात या राजाकडे राज्य उरलेले नव्हते. किल्ला, राजवाडा, भोवतालची थोडी जमीन आणि ठरावीक रक्कम एवढाच त्यांचा अधिकार. सैन्य, महसूल, न्याय हे सर्व ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले होते. अशा राजाने आयुष्याची चौतीस वर्षे कशात घालवली, या प्रश्नाचे उत्तर ग्रंथालयाच्या कपाटांत जितके सापडते, तितकेच स्वयंपाकघरात आणि औषधशाळेतही सापडते.

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ चा. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी १६७५ च्या सुमारास तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली, त्याला तोवर शंभर वर्षे उलटून गेली होती. कावेरीच्या मुखाकडील हा प्रदेश भाताचे कोठार म्हणून प्रसिद्ध, आणि म्हणूनच सर्वांच्या डोळ्यांवर आलेला. १७७३ मध्ये अर्काटच्या नबाबाने कंपनीच्या फौजेच्या मदतीने तंजावर घेतले. १७७६ मध्ये ते तुळजाजीराजांना परत मिळाले. पुढे १७८१ मध्ये हैदर अलीच्या स्वारीने गावेच्या गावे उजाड केली. तुळजाजींची मुले त्यांच्या हयातीतच निवर्तली. मृत्यू जवळ आलेला पाहून त्यांनी जानेवारी १७८७ मध्ये भोसले कुळातीलच एका शाखेतील नऊ वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले. हाच मुलगा सरफोजी.

त्याच वर्षी तुळजाजी वारले आणि त्यांचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी गादी घेतली. दत्तविधान शास्त्रसंमत नाही, असा कौल काही पंडितांनी दिला आणि कंपनीच्या मद्रास सरकारने तो मान्य केला. दत्तक मुलाचे हाल सुरू झाले. त्याला राजवाड्यात जवळजवळ कोंडून ठेवण्यात आले. शिक्षणाची सोय नव्हती, बाहेर पडण्याची मुभा नव्हती. त्याच्या बाजूने उभा राहिला तो एक जर्मन धर्मोपदेशक. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हे डॅनिश मिशनचे पाद्री अनेक वर्षे तंजावर भागात राहत होते, तमिळ उत्तम बोलत होते आणि दरबारात त्यांचे वजन होते. तुळजाजींनी मुलाकडे लक्ष देण्याची विनंती त्यांना केली होती. श्वार्ट्झ यांनी मद्रासला पत्रांमागून पत्रे लिहिली. अखेर १७९३ मध्ये सरफोजी आणि तुळजाजींच्या विधवा राण्या यांना मद्रासला हलवण्यात आले. तेथे गेरिके या दुसऱ्या जर्मन पाद्र्यांच्या हाताखाली मुलाचे शिक्षण झाले. इंग्रजी भाषा, युरोपीय विद्या आणि निरीक्षण करून लिहून ठेवण्याची सवय त्यांना येथेच लागली.

दत्तकाचा वाद पुन्हा उघडण्यात आला. या वेळी पंडितांचे मत उलट पडले, अमरसिंह दूर झाले आणि २९ जून १७९८ रोजी सरफोजी गादीवर आले. श्वार्ट्झ हे पाहायला राहिले नव्हते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले होते. पुढे सरफोजींनी जॉन फ्लॅक्समन या प्रख्यात इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारकशिल्प करवून घेतले. मरणशय्येवरील श्वार्ट्झ आणि त्यांचा हात हाती घेतलेला तरुण राजा असे त्याचे दृश्य आहे. तंजावरच्या चर्चमध्ये ते आजही पाहता येते. पाद्र्यांच्या छत्राखाली वाढूनही सरफोजींनी स्वतःचा धर्म सोडला नाही, आणि हिंदू राजा असूनही गुरूच्या मिशनच्या शाळांना मदत करणे थांबवले नाही.

राज्यारोहणाचा आनंद पंधरा-सोळा महिनेच टिकला. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने तंजावरचा संपूर्ण कारभार कंपनीकडे गेला. राजाला वर्षाला एक लाख स्टार पॅगोडा, म्हणजे सुमारे साडेतीन लाख रुपये, आणि प्रदेशाच्या निव्वळ उत्पन्नाचा पाचवा हिस्सा मिळावा असे ठरले. ज्या सत्तेने त्यांना गादीवर बसवले, तिनेच गादीखालची जमीन काढून घेतली. त्या वेळी सरफोजी बावीस वर्षांचे होते. बंड करावे, तर टिपूचे काय झाले हे त्याच वर्षीच्या मे महिन्यात श्रीरंगपट्टणला साऱ्यांनी पाहिले होते. त्यांनी सही केली. या सहीबद्दल त्यांना दोष देणारे पुढे अनेक झाले. मात्र त्या क्षणी त्यांच्यापुढे दुसरा कोणता मार्ग खुला होता, हे त्यांतल्या फारच थोड्यांना सांगता आले.

एका गोष्टीसाठी मात्र ते अडून बसले. ही गोष्ट होती अन्नछत्रांची. तंजावरहून रामेश्वरकडे जाणाऱ्या वाटेवर आणि इतरत्र भोसले राजांनी अनेक छत्रे बांधली होती. बहुतेकांना राण्यांची नावे होती. या छत्रांच्या जमिनी आणि व्यवस्था आपल्याकडेच राहावी, यासाठी सरफोजींनी १८०१ मध्ये रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना सविस्तर पत्र लिहिले. त्या पत्रातील तपशील वाचताना एखाद्या मोठ्या स्वयंपाकघराचा दिनक्रम डोळ्यांसमोर उभा राहतो. जातीचा विचार न करता येणाऱ्या प्रत्येक वाटसरूला शिजवलेला भात दिला जाई. ज्यांना दुसऱ्याच्या हातचे शिजलेले चालत नसे, त्यांना कोरडा शिधा मिळे. वाटप मध्यरात्रीपर्यंत चाले. त्या वेळी घंटा वाजवून कोणी उपाशी राहिले असेल तर त्याला बोलावण्यात येई. आजारी पडलेल्या यात्रेकरूला बरे होईपर्यंत ठेवून घेतले जाई, त्याला पथ्याचे अन्न दिले जाई, आणि तो दगावलाच तर त्याच्या धर्माप्रमाणे अंत्यविधी होई. तान्ह्या मुलांना दूध मिळे. बाळंतिणींची काळजी घेतली जाई. छत्राला जोडून शाळा असत, वैद्य असत, सापाच्या विषावर उपचार करणारे असत. कंपनीने ही मागणी मान्य केली आणि छत्रे राजाकडे राहिली.

या मागणीमागे केवळ दानधर्माची परंपरा नव्हती. राज्य गेलेल्या राजाला प्रजेशी जोडणारा एकच धागा उरला होता आणि तो पत्रावळीवरून जात होता. ओरत्तनाडू येथील मुक्तांबा छत्र सरफोजींनी स्वतः उभारले. मुक्तांबा या त्यांच्या प्रिय सहचारिणी. त्यांच्या अखेरच्या इच्छेवरून हे छत्र बांधले, अशी परंपरा सांगते. तेथे भोजनाबरोबरच विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचीही सोय होती.

मुदपाकखान्याकडे सरफोजींनी इतके लक्ष दिले, यात तंजावरच्या दृष्टीने नवल काहीच नव्हते. अन्नाविषयी लिहिण्याची रीत या दरबारात आधीपासून होती. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात नवहस्त कुळातील रघुनाथ पंडितांनी ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. एकोजींच्या राणी दीपाबाई यांचा त्यांना आश्रय होता. धान्ये, डाळी, भाज्या, दूध, फळे यांचे गुणदोष, कोणत्या ऋतूत काय खावे, कशाबरोबर काय वर्ज्य, याची त्यात चर्चा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील विद्वान प. कृ. गोडे यांनी या ग्रंथाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले; जिलबीच्या इतिहासाचा मागोवा घेताना त्यांना याच ग्रंथातील वर्णनाचा आधार झाला होता.

रघुनाथ पंडित आणि सरफोजी यांच्यात सव्वाशे वर्षांचे अंतर आहे आणि दृष्टीतही तेवढेच. पंडितांनी आयुर्वेद आणि धर्मशास्त्रातील वचनांच्या आधारे अन्नाचा विचार संस्कृतात मांडला. सरफोजींच्या ग्रंथाची भाषा मराठी आहे, आणि त्याचा विषय आहे आपल्याच वाड्यात रोज काय शिजते, हा. त्यात इंग्रजी पाकगृहाला मराठी पाकगृहाच्या शेजारी जागा मिळते, हीच त्या काळाच्या मानाने मोठी गोष्ट. परक्याचे जेवण भ्रष्ट म्हणून टाकून देणे सोपे होते आणि श्रेष्ठ म्हणून डोक्यावर घेणेही सोपे होते. तंजावरच्या राजाने ते जिज्ञासेचा विषय म्हणून टिपून ठेवले.

इंग्रजी पाकगृहाची गरज का पडली, हे समजण्यासाठी त्या काळच्या मद्रास किनाऱ्याकडे पाहावे लागते. कंपनीच्या जहाजांतून युरोपीयांसाठी मदिरा बेटावरची वाइन, फ्रान्सची क्लॅरेट आणि लंडनच्या बो भागातील हॉजसन यांच्या भट्टीतली बिअर हिंदुस्थानात उतरत असे. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणारा हा प्रवास चार ते सहा महिन्यांचा. विषुववृत्त दोनदा ओलांडावे लागे. त्या उष्म्यात साधी बिअर आंबून जाई. हॉप्सच्या फुलोऱ्याचे प्रमाण वाढवलेली, फिक्या रंगाची, कडवट बिअर मात्र टिके आणि उतरताना अधिक रुचकरही लागे. १८२० च्या दशकात बर्टन गावच्या ऑलसॉप यांनी हॉजसन यांच्याशी स्पर्धा सुरू केली. याच बिअरला पुढे इंडिया पेल एल हे नाव पडले. आज पुणे, मुंबई किंवा बेंगळुरूतील लहान ब्रुअरींमध्ये गिऱ्हाइकापुढे चाखण्यासाठी चार-सहा छोट्या पेल्यांची रांग मांडतात. त्या रांगेत सौम्य चवीचे पेले आधी आणि कडवट पेला शेवटाकडे ठेवण्याचा प्रघात आहे, कारण कडू चव जिभेवर रेंगाळते आणि मागून येणाऱ्या नाजूक चवीला झाकून टाकते. शेवटाकडच्या त्या जागी बहुधा हाच प्रकार असतो. त्याची जडणघडण सरफोजींच्या हयातीत, त्यांच्या दारातल्या समुद्रावर चाललेल्या व्यापारातून झाली.

तंजावरचा राजवाडा या व्यापाराच्या वाटेवरचा मोठा मुक्काम होता. गव्हर्नर, रेसिडेंट, लष्करी अधिकारी, पाद्री, निसर्ग-अभ्यासक यांची ये-जा सतत असे. लॉर्ड व्हॅलेन्शिया १८०४ मध्ये येऊन गेले. कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर १८२६ च्या मार्चअखेर, ईस्टरच्या सुमारास आले. राजाचे इंग्रजी, त्याचे वाचन आणि निसर्गविज्ञानाची जाण पाहून ते प्रभावित झाले. त्यानंतर आठवड्याभरातच त्रिचनापल्लीला स्नानकुंडात हेबर यांचा मृत्यू झाला, त्यामुळे दक्षिणेतल्या या भेटीच्या आठवणी त्यांच्या अखेरच्या लेखनात गणल्या जातात. पाहुण्याला त्याच्या सवयीचे जेवण द्यावे, हा आतिथ्याचा भाग झाला. मात्र ते कसे करतात हे शिकून घ्यावे आणि मराठीत उतरवावे, हा खास सरफोजींचा स्वभाव.

हीच वृत्ती औषधांच्या बाबतीत अधिक ठळकपणे दिसते. राजवाड्यात त्यांनी धन्वंतरी महाल नावाची संस्था स्थापन केली. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे जाणकार तेथे एकत्र काम करीत. ग्रंथात सांगितलेले औषध खरोखर लागू पडते का, हे रोग्यांवर पाहून मगच ते संग्रहात घ्यायचे, अशी रीत होती. ज्या उपचारांचा गुण आला, ते तमिळ पद्यात रचण्यात आले. रोगवार केलेले हे संग्रह ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने ओळखले जातात. पद्यात अशासाठी की गावोगावच्या वैद्यांना ते पाठ करता यावेत. सुंठ, मिरी, पिंपळी, हिंग, जिरे, गूळ, तूप यांतील बहुतेक जिन्नस औषधशाळेत आणि मुदपाकखान्यात सारखेच लागत. दोन्हीकडे प्रमाण चुकले की बिघाड ठरलेला. पाकशास्त्र आणि वैद्यक ही तंजावरात एकमेकांच्या शेजारची दालने होती.

राजाने स्वतः डोळ्यांच्या विकारांत विशेष लक्ष घातले. सरस्वती महाल ग्रंथालयात चाळीसहून अधिक नेत्ररुग्णांची टिपणे जपून ठेवलेली आहेत. रोग्याच्या डोळ्याचे रंगीत चित्र, तक्रार काय होती, कोणता उपचार केला, काय फरक पडला, अशी ती नोंद. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचाही त्यांत समावेश आहे. अलीकडच्या काळात नेत्रवैद्यांनी या टिपणांचा अभ्यास करून त्यांतील शिस्तीबद्दल आश्चर्य व्यक्त केले आहे. ज्या काळात देशातील बहुतांश राजवाड्यांत वैद्यकीय नोंदी ठेवण्याची कल्पनाही नव्हती, त्या काळातली ही कागदपत्रे आहेत.

ग्रंथसंग्रहाविषयी बरेच लिहिले गेले आहे, म्हणून येथे थोडक्यात. नायक राजांच्या काळापासून चालत आलेल्या राजवाड्यातील पोथीशाळेला सरफोजींनी आजचे रूप दिले. १८२० ते १८२२ या काळात हजारोंच्या परिवारासह त्यांनी काशीयात्रा केली आणि उत्तरेतून पोथ्यांच्या प्रती करून आणल्या. युरोपातून छापील पुस्तके मागवली. अनेकांवर त्यांची इंग्रजी सही आहे. निवृत्त होऊन इंग्लंडला गेलेले टॉरिन तिकडून पुस्तके आणि उपकरणे पाठवीत. नवविद्याकलानिधी या शाळेतून मुलांना नव्या विद्या शिकवल्या जात. देवनागरी ठशांचा छापखाना त्यांनी १८०५ च्या सुमारास सुरू केला आणि इसापनीतीतील कथांचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने तेथून १८०६ मध्ये छापून निघाले. महाराष्ट्रात पेशवाई अजून चालू होती आणि पुण्यात मराठी छापखान्याचा पत्ता नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले वंशाचा इतिहास हा मराठीतील सर्वांत दीर्घ शिलालेख मानला जातो. ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाट्यप्रबंधात त्यांनी जगाचा भूगोल गाण्यांतून सांगितला. खंडे, देश, नद्या, पर्वत यांची माहिती कुरवंजीच्या तोंडी घातलेली असल्याने शाळेत न गेलेल्या प्रेक्षकालाही ती कळावी. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे भरतनाट्यमची आजची मांडणी बांधणारे चार बंधू त्यांच्याच दरबारात होते.

या सगळ्याला पैसा कोठून येई, हे विसरता येत नाही. प्रदेशाच्या उत्पन्नाचा पाचवा हिस्सा म्हणजे अखेर कावेरीच्या खोऱ्यातील शेतकऱ्याने भरलेला सारा. तो वसूल करीत होती कंपनी. तिच्याशी जमवून घेतल्याशिवाय ग्रंथालय, औषधशाळा आणि अन्नछत्रे चालली नसती. नेपोलियनवरील इंग्रजांच्या विजयाप्रीत्यर्थ किनाऱ्यावर १८१४-१५ मध्ये बांधलेला मनोरा नावाचा आठ मजली बुरूज या तडजोडीचीच खूण आहे. पश्चिम घाटापलीकडे त्याच दशकात मराठी सत्ता कंपनीशी अखेरची झुंज देत होती, हे लक्षात घेतले की तो बुरूज पाहताना मराठी मन थोडे चरकते.

तंजावरच्या मराठी जेवणाविषयी सांगितली जाणारी सर्वांत लोकप्रिय कथा मात्र सरफोजींच्या काळाची नाही आणि तिला कागदोपत्री आधारही नाही. शाहूजीराजांच्या मुदपाकखान्यात छत्रपती संभाजी महाराजांसाठी आमटी करताना आमसूल संपले, म्हणून चिंच घातली आणि त्यातून सांबार जन्माला आले, अशी ती कथा. ऐकायला गोड आहे. परंतु संभाजी महाराजांच्या अशा भेटीचा समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. कथेपेक्षा शब्दांची साक्ष अधिक विश्वासाची ठरते. तंजावर आणि कुंभकोणम भागातील तमिळ घरांत वांग्याच्या एका पातळ भाजीला रसवांगी म्हणतात. रस आणि वांगी हे दोन्ही शब्द मराठी कानाला लगेच ओळखू येतात. पिट्लै हा पदार्थ पिठल्याचे नाव सांगतो, जरी त्यात बेसनाऐवजी तुरीची डाळ, चिंच आणि वाटलेला मसाला पडलेला असतो. डांगर पच्चडी या पदार्थाच्या नावात मराठी डांगर आणि तमिळ पच्चडी शेजारी बसली आहेत. पाककृती बदलली, नाव राहिले. तंजावरकडील मराठी कुटुंबांची बोलीही अशीच आहे. तिच्या क्रियापदांना तमिळ हेल चढला आहे आणि घरातील नात्यांचे शब्द जुने मराठी आहेत.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजींचे निधन झाले. चिरंजीव दुसरे शिवाजी गादीवर आले. १८५५ मध्ये ते पुत्रहीन वारले आणि कंपनीने ही नाममात्र गादीही खालसा केली. राजवाड्यातील खाजगी संपत्तीवरही जप्ती आली. राणी कामाक्षीबाईंनी त्याविरुद्ध दाद मागितली. खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८५९ मध्ये निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. जप्ती ही राजसत्तेची कृती असल्याने न्यायालयाला तिच्यात हात घालता येत नाही, असे ठरले. दिवाणी कायद्याच्या अभ्यासात हा निकाल पुढे दीर्घकाळ शिकवला गेला. सरकारने १८६२ मध्ये खाजगी मालमत्तेचा भाग राण्यांना परत दिला.

पोथ्या जागेवर राहिल्या. ए. सी. बर्नेल यांनी १८८० च्या सुमारास संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची प्रसिद्ध केली आणि युरोपच्या अभ्यासकांना तंजावरचे महत्त्व कळले. १९१८ मध्ये ग्रंथालय सार्वजनिक झाले. आज त्याच्या नावातच सरफोजी महाराजांचे नाव आहे. चाळीस हजारांहून अधिक हस्तलिखितांबरोबर मोडी लिपीतील दरबारी कागदांचे शेकडो रुमाल तेथे आले. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने निवडक मोडी कागदांचे तमिळ भाषांतर खंडांच्या रूपाने छापले, तर ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ ग्रंथालयाने प्रकाशित केले. उरलेल्या रुमालांत मुदपाकखान्याचे हिशेब, छत्रांचे शिधे, औषधांच्या याद्या आणि पाहुण्यांच्या सरबराईचे खर्च आहेत. ते मराठीत आहेत, पण मोडी वाचू शकणारी माणसे तंजावरात आता बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत आणि ज्या महाराष्ट्रात मोडीचे जाणकार अजून आहेत, तेथून तंजावरची वाट धरणारे थोडेच.